मेडिकलवर पोरं सिरिंज मागायलीत. द्यायची का नाही?

मेडिकलवाला (परभणी जिल्हा)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात मोंढ्याच्या रोडला माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली. डी.फार्म मी स्वतः आहे, भाड्याच्या सर्टिफिकेटवर दुकान नाही. (हे आपल्याकडं आधी सांगावं लागतं.)

दुकानामागं ग्राउंड आहे. पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. सगळी आसपासच्या खेड्यांतली, सोयाबीन-कापसाच्या घरची लेकरं, खोली करून राहायलीत. त्यातले चौघं गेल्या पावसाळ्यापासून रात्री शटर ओढायच्या टायमाला येतात आणि पाच मिलीची सिरिंज मागतात. चौघांत एक. आधी वाटलं, जनावराला काही द्यायचं असंल. मग एकानं हळूच मेफेंटरमाइन आहे का विचारलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. पाठीत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी खाली गेलं तर भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतात. पोरं म्हणतात, दम लागत नाही, भूक लागत नाही, पळतच राहावं वाटतं. मी ते ठेवत नाही, अन् चिठ्ठीशिवाय देणारही नाही. पण त्यांना ते पार्सलनं येतं. दहा मिलीची बाटली चौघांच्या वर्गणीची. सिरिंजही वर्गणीचीच.

दोन वेळा मी हाकललं. आठ दिवसांनी त्यातलाच एक मलम मागायला आला. दंडावर लिंबाएवढं गळू. विचारलं तर म्हणतो, "काका, तुम्ही दिली नाही ना, मग जुनीच गरम पाण्यानं धुतली." ती जुनी तिघांनी वापरलेली. त्याला गळू कापायला दवाखान्यात पाठवलं, पण तेव्हापासून माझी झोप गेली.

घरात दोन तट आहेत. वडील माळकरी. ते म्हणतात, "इख विकू नको, अन् इखाची वाटीबी विकू नको." बायको म्हणते, वाटी नाही दिली तर ते ओंजळीनं पितील, एवढंच.

पोलिसांत सांगावं तर पोराच्या नावावर काही लागलं की त्याची भरतीच गेली. ज्या भरतीसाठी टोचायलंय तीच. मग तो नुसताच टोचत बसंल. तुम्ही असता तर काय केलं असतं?

लातूरला_पोरगा_ठेवलेला

स्पष्ट बोलतो, राग धरू नका. माझं पोरगं बाहेर खोलीवर राहतं. त्याला असं कुणी सिरिंज दिल्याचं कळलं तर मी त्या दुकानाचं काउंटर फोडीन. तुम्ही औषधवाले, तुम्हीच जर "घे बाबा, स्वच्छ घे" म्हणायला लागलात तर पोरांना वाटणार की हे चालतं. घरच्यांना फोन लावा. बापाला कळू द्या. बास.

समुपदेशक, नांदेड

दादा, मी सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात अकरा वर्षं काम करते. वरच्या भाऊंचा जीव तुटतोय ते समजतं. पण तुम्ही सिरिंज दिली नाही म्हणून पोरांनी इंजेक्शन सोडलं नाही, हे गळूच्या रूपानं तुम्ही बघितलंच.

लांबचं उदाहरण देते, पण ते तुमच्या काउंटरचंच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात पोलिसांच्या दबावानं सिरिंजची विक्री जवळपास थांबली. हेरॉइन टोचणारे थांबले नाहीत, एकच सिरिंज हातोहात फिरू लागली. १९८६ साली तिथल्या एका दवाखान्यानं अशा रुग्णांचे निकाल छापले, तर निम्मे एचआयव्ही बाधित. उलट अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका औषध दुकानदारानं विक्री बंद केली तेव्हा काविळीच्या भीतीनं १९८४ला "जुनी आणा, नवी न्या" सुरू झालं. त्यात पुढाकार कुणाचा, तर नशा करणाऱ्यांच्याच संघटनेचा. आपल्या देशात मणिपूरनं हे सगळं नव्वदच्या दशकात सोसलं. आज नॅकोच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, कार्यक्रमात टोचून नशा करणाऱ्यांना नवी सुई-सिरिंज दिली जाते, आणि हेरॉइनवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी. ही गोळी तुमच्या पोरांना लागू नाही. मेफेंटरमाइनची जातच वेगळी, त्याला बदली औषध नाही.

पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट नजरेतून सुटल्यासारखी वाटते: बाटली. चौघांना चार सिरिंजा दिल्या तरी एकानं टोचलेली सुई परत त्याच बाटलीत घातली, की बाटली बाधित. मग पुढच्याची सिरिंज नवी असून काही उपयोग नाही. हे त्यांना स्पष्ट सांगा. आणि गरम पाण्यानं प्लास्टिकची सिरिंज शुद्ध होत नाही. हिपॅटायटिस सी या काविळीचा विषाणू तर वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे जगतो.

चौघांनाही ग्रामीण रुग्णालयात पाठवा. एचआयव्हीची चाचणी फुकट होते, आणि आम्ही पोलिसांना कळवत नाही. आज निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची. हिपॅटायटिस बीची लस आहे, तीन डोस. सी निघालाच तर सरकारी कार्यक्रमात २०१८पासून त्याच्या गोळ्या फुकट मिळतात, बहुतेकांना बारा आठवडे पुरतात. छातीत दुखलं, धडधड थांबेना, डोक्यात संशय फिरायला लागला, तर वाट न बघता १०८. सोडायचं मनात आलं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

बटनवर_होतो (संभाजीनगर)

काका, मी टोचणारा नव्हतो, गोळीवाला होतो. झोपेच्या गोळ्या, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम. आमच्याकडं त्याला बटन म्हणतात. दिवसाला पंधरापर्यंत गेलो होतो.

लातूरच्या भाऊंनी बापाला फोन लावायला सांगितलं म्हणून लिहितो. माझ्या बापाला कळलं. त्यानं मला खोलीत कोंडलं आणि सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या. माझ्यावर जीव होता म्हणूनच केलं, त्यात शंका नाही. तिसऱ्या दिवशी मला फिट आली. जीभ चावली, डोकं पलंगाच्या पायाला आपटलं. ही गोळी एकदम बंद केली की असं होतं, जीवही जातो, हे आमच्या घरात कुणाला माहीत? जास्त पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तरी हाच धोका आहे, ते तर गल्लीत कुणालाच माहीत नसतं. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नेलं तर डॉक्टरांनी उलट दुसरी गोळी सुरू केली आणि चार महिन्यांत हळूहळू उतरवली. बाप भडकला, "सोडवायला आणलं तर हे अजून देतेत!" त्याला समजवायला एका सिस्टरला अर्धा तास लागला.

त्या दिवसांत दोन दुकानदार भेटले. एक तिप्पट भावानं पट्टी द्यायचा, तोंड वर करून बघायचाही नाही. दुसरा द्यायचा नाही, पण रोज विचारायचा, जेवला का? अन् एवढंच म्हणायचा, दारूवर गोळी घेऊ नको, श्वास थांबंल. माझा जोडीदार तसाच झोपेत गेला. मी त्या रात्री प्यायलो नव्हतो, कारण त्या दुकानदाराचं बोलणं डोक्यात होतं.

सोळाशे_५मिनिट१०

काका, मी पण भरतीवाला, हिंगोली. सगळे घेत नाहीत, हे आधी लिहा, उगं आमची बदनामी होते. जे घेतात ते भीतीनं घेतात. दोन वर्षं खोलीभाडं बापानं भरलेलं असतं, वय निघून चाललेलं असतं आणि ग्राउंडच्या पन्नासपैकी वीस मार्क एकट्या सोळाशेचे. त्यांना एड्स बिड्स सांगून काही होणार नाही. टायमिंगवर बोला. रात्रभर झोप नाही मग सकाळी पाय उचलत नाहीत, ते त्यांना पण कळायलंय.

मेडिकलवाला (परभणी जिल्हा)

तीन आठवड्यांनी लिहायलोय, सगळ्यांचे आभार. काउंटर फोडणाऱ्या भाऊंचे पण.

सिरिंजा द्यायला लागलो, खरेदी भावात. पहिल्या रात्री चौघांपुढं चार ठेवल्या तर कुणी हातच लावंना. त्यांना वाटलं मागं पोलीस उभा आहे. बाटलीचं सांगितलं तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. म्हणजे परत-परत तीच सुई घालायचे, हे उघडच होतं.

हिंगोलीच्या पोराचं ऐकून एड्स बाजूला ठेवला आणि दुकानातलं बीपीचं मशीन काढलं. जो जास्त मस्तीत होता त्याचं मोजलं: १७०/११०. बावीस वर्षांचं पोरगं! माझ्या बापाचं १४० असतं. परत मोजा म्हणाला, मोजलं, १६८. एक शब्द बोलला नाही. त्याला लगेच रुग्णालयात पाठवलं. तो दहा दिवस सिरिंजला आला नाही. सोडलं का दुसऱ्या दुकानातून घेतो, देव जाणे. ग्राउंडवर मात्र दिसतो.

दोघं तपासणीला जाऊन आले. निकाल मी विचारला नाही. गळूवाला बरा आहे. अकॅडमीच्या सरांना नावं न घेता सांगून बघितलं, तर "आमच्याकडं असलं काही नसतं" म्हणून फोन ठेवला. घरी कुणाच्याच सांगितलं नाही. ते चूक का बरोबर, माझं मलाच ठरवता येईना. लातूरच्या भाऊंच्या जागी मी असतो तर मला राग आलाच असता.

वडील ह्या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. वापरलेल्या सुया पोरं परत आणतात, त्या मी जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकतो. परवा बघतो तर बरणी खालच्या कप्प्यातून वरच्या फळीवर गेलेली, झाकणाला चिकटपट्टी. माझी लहान लेक दुकानात खेळते म्हणून वडिलांनीच ठेवली, असं नोकर म्हणाला.

बरणी आता भरत आलीय. नांदेडच्या ताई, ही ग्रामीण रुग्णालयात घेतात का, का दुसरीकडं कुठं द्यावी लागंल?