मदत हवी आहे: कॉम्बिनेशन स्किनला नेमका कुठला फेस मास्क लावायचा?

चिवचिव: मंडळी, जरा पटकन सांगा. कपाळ नि नाक तेलकट, गाल कोरडे ठाक. मुलतानी मातीचा पॅक लावला की नाक दिवसभर मस्त राहतं पण गालांची आग होते आणि तोंडाच्या कडेला सालं निघतात. साय-मध लावलं की गाल खूश, हनुवटीवर दुसऱ्या दिवशी फोड हजर. चारकोलचा पील ऑफ पण आणून झाला, ओढून काढताना डोळ्यांत पाणी आलं, तेल जैसे थे. चुलतबहिणीचं लग्न तोंडावर आलंय, पार्लरवाली फेशियलच्या मागे लागलीये, माझा तिच्यावर भरवसा नाही. दोन्हीला चालेल असा एकच मास्क सांगा. आणि प्लीज "भरपूर पाणी पी" नको, पिते मी.

आजीचा_बटवा: माती-बिती सोड गं. डाळीचं पीठ, चिमूटभर आंबेहळद, सायीसकट दूध आणि थोडं लिंबू पिळ. कडकडीत वाळू द्यायचं आणि मग चोळून चोळून काढायचं. आमच्याकडे सगळ्या बायका हेच लावत आल्यात, कुणाला कधी काही झालं नाही.

दवबिंदू: लिंबू नको हो ताई, आधीच गालांची आग होतेय म्हणतेय ती! लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. शिवाय चेहऱ्यावर लिंबू राहिलं आणि तसंच उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात, ते जाता जात नाहीत. चिवचिव, पॅक कशात कालवतेस, किती वेळ ठेवतेस, राहतेस कुठे? मुंबईची दमट हवा आणि विदर्भातला उन्हाळा यांना एकच उत्तर नसतं.

खडूस_पुणेकर: वय नाही, गाव नाही, रोज काय लावता त्याचा पत्ता नाही. डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणायचं आणि गोळी विचारायची, तसं झालं हे.

चिवचिव: वय २७, संभाजीनगर. गुलाबपाण्यात कालवते. पूर्ण सुकेपर्यंत ठेवते, तडे गेल्याशिवाय लावल्यासारखं वाटतच नाही. बाकी साधा फेसवॉश, विशेष काही नाही.

बोअरचं_पाणी: उत्तर मिळालं. पाणी! तुमच्याकडे टँकर की बोअर? जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा थर चेहऱ्यावर बसतो. आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाला आणि बायकोचे केस गळायला लागले, आम्ही सॉफ्टनर बसवला. मॉडेल हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दवबिंदू: केसांचं कोणी विचारलंय का दादा?

चिवचिव, तडे जाईपर्यंत थांबायचंच नाही. कडा फिकट दिसायला लागल्या पण बोट लावल्यावर मधे अजून ओलसर लागतंय, तेव्हाच धुवायचं, आठ-दहा मिनिटं पुष्कळ झाली. चोळून नाही, आधी पाण्याचा हात फिरवून माती भिजवायची, मग आपोआप सुटते. आणि अख्ख्या चेहऱ्याला एकच पॅक पाहिजे हा हट्ट कशाला? माती फक्त कपाळ, नाक, हनुवटीला. त्याच वेळी गालांना दुसरं काही.

उनाड_भूगोल: मुलतानच्या नावाने ओळखली जाते तरी आपल्याकडची बरीचशी माती राजस्थानातून येते, बाडमेर, बिकानेरकडून. तेल शोषण्यासाठीच वापरायचे तिला, लोकरीतलं तेल काढायला. ती गालाचं तेल ठेवेल ही अपेक्षाच चूक.

सात्त्विक_आहार: वरून काहीही थापा, पोट साफ नसेल तर उपयोग शून्य. रात्री त्रिफळा, सकाळी कोमट पाणी. मैदा बंद.

खडूस_पुणेकर: पाणी सांगू नका म्हटलं होतं तिने. कोमट करून सांगितलंत.

गोळ्या_औषधं: फार्मसीत काम करते म्हणून विचारते. तोंडाच्या कडेला सालं हे मला नुसत्या मातीचं काम वाटत नाही. रात्री काय लावता? मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब? तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलंय का बघा, ही स्टिरॉइडं आहेत. गोरं व्हायचं क्रीम म्हणून लोक सर्रास लावतात आणि चेहऱ्याची वाट लागते.

चिवचिव: छे, तसलं काही नाही. रात्री फक्त पिंपल्सचं जेल लावते, अडापालीन. मैत्रिणीला डॉक्टरांनी दिलं होतं, मला पण सूट झालं. पण ते औषध आहे, त्याचा फेस पॅकशी काय संबंध, म्हणून लिहिलं नाही.

खडूस_पुणेकर: 🙏

गोळ्या_औषधं: तोच तर संबंध! अडापालीन रेटिनॉइड आहे, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गटातलं औषध. त्याने त्वचा कोरडी होते, लाल होते, सालं निघतात, नाकाच्या नि ओठांच्या कडेला तर जास्तच. त्यावर वाळलेली माती, त्यावर पील ऑफ, आग नाही होणार तर काय. आता माती, स्क्रब, पील ऑफ सगळं बंद. अप्पर लिपला वॅक्स अजिबात करू नका, जेल चालू असताना कातडी सोलून निघते. ब्लीच, फेशियल पण नको. दिवसा सनस्क्रीन. आणि जेल चालू ठेवायचं की थांबवायचं ते स्वतःच्या डॉक्टरला विचारा, मैत्रिणीच्या नाही. गरोदरपणात हे लावत नाहीत, म्हणून असल्या ट्यूब एकमेकींना देऊच नयेत.

आजीचा_बटवा: म्हणजे बेसनाचा दोष नव्हताच.

दवबिंदू: बेसनाला कोण काय म्हणालं? मी लिंबाला म्हटलं. आणि "चोळून चोळून"ला.

चिवचिव: मी मास्क कुठला ते विचारलं होतं, तुम्ही होतं ते पण काढून घेतलंत. उद्या अपॉइंटमेंट घेते, पण गालांना तोवर काय लावू ते तरी सांगा.

दवबिंदू: ओट्स मिक्सरला अगदी पिठासारखे बारीक कर, साध्या पाण्यात कालव, पातळ थर दहा मिनिटं, न घासता धू. चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. आधी जबड्याखाली थोडं लावून एक दिवस वाट बघ. शीट मास्क घेतलास तरी बिनवासाचा, आणि तोंडावर वाळेपर्यंत ठेवू नकोस. आग थांबली, डॉक्टर हो म्हणाले की मग माती परत, फक्त नाक-कपाळाला, आठवड्यातून एकदा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवीन काही नको. आणि हळदीला मावश्या-आत्या गालांवर रगडायला धावतील, त्यांना हातापायावर थोपव.

साधा_माणूस: दाढी केल्यावर मुलतानी चालते का?

गोळ्या_औषधं: केल्या केल्या नको, चरचरेल.

आजीचा_बटवा: त्यापेक्षा चंदन लावा. सहाणेवर खोड उगाळून, पुडीतली पावडर नको, त्यात चंदन किती नि भुसा किती देव जाणे.

उनाड_भूगोल: खोडाचा भाव विचारलात का हल्ली?

चिवचिव: दाढीचा वेगळा धागा काढा ना! दवबिंदू, घरात मसाला ओट्सचं पाकीट आहे, तेच वाटले तर चालतील?

दवबिंदू: नाही!! साधे आण.