मदत हवी आहे: भावाला परदेशात पोलिसांनी अडवलं, कार्ड जवळ नव्हतं

सातपूरकर
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. धाकट्या भावाला काल रात्री स्टेशनबाहेर दोन पोलिसांनी अडवलं आणि कार्ड मागितलं. कार्ड ऑफिसच्या बॅगेत, बॅग घरी, पासपोर्टही घरी. फोनमधला फोटो दाखवला तर नुसती मान हलवली. चौकीत नेऊन बसवलं. रूमवरच्या मित्राने कार्ड आणून दिलं तेव्हा कुठे सोडलं. निघताना कार्ड दोन्ही बाजूंनी बघून एका कागदावर काहीतरी लिहून घेतलं.
दोनच प्रश्न आहेत. केस होते का? आणि व्हिसा रिन्यू व्हायचाय, तो अडकेल का? भाऊ घाबरलाय, धड काही सांगत नाही. आई म्हणतेय नोकरी सोड आणि ये घरी. तिकडचा वकील ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आजच कळलं तर फार बरं होईल.

पंचवटीकर
कोणता देश?

न्यूजर्सीतला_नाशिककर
अमेरिकेत असेल तर नियम स्पष्ट आहे. १८ वर्षांवरच्या प्रत्येक बिगरनागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगायचा. ग्रीन कार्ड असेल तर ग्रीन कार्ड, एच-१बी व्हिसा असेल तर आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची प्रिंट. कायदा १९५२ चा आहे. इतकी वर्षं कोणी मनावर घेत नव्हतं, २०२५ पासून सगळे घेतात. मी आय-९४ ची घडी पाकिटात ठेवतो. वकिलाशिवाय कुठेही सही करू नको म्हणावं. 'मला गप्प राहायचंय' असं तोंडाने सांगायचं, नुसतं गप्प बसून राहायचं नाही.

देरा_ते_देवळाली
दुबई असेल तर काळजी सोडा. एमिरेट्स आयडी जवळ ठेवावाच लागतो, पण रेकॉर्ड त्यांच्या सिस्टिममध्ये दिसतं. माझ्याकडे दोनदा मागितला, पाच मिनिटांत सोडलं.

पंचवटीकर
अहो, देश कुठला ते तरी कळू द्या. सातपूरकर, देश आणि व्हिसाचा प्रकार लिहा.

हक्काचं_बोला
देश कोणता का असेना, मूळ मुद्दा वेगळा आहे. गुन्हा केलेला नसताना रस्त्यात कागद मागायचा अधिकार पोलिसांना कोणी दिला? आपल्याकडेही आधार कार्ड खिशात घेऊन फिरायची सक्ती नाही. भावाने तिथेच कारण विचारायला हवं होतं. गप्पपणे मागे चालत गेलं की पुढच्या माणसालाही त्रास होतो.

सातपूरकर
जपान. इंजिनियरचा व्हिसा, तिकडच्याच कंपनीत आहे. हक्कांची चर्चा नंतर करू, आधी केस होते का ते सांगा कोणीतरी.

कॉलेजरोड_कट्टा
माझ्या ओळखीचा एक व्हिसा एजंट आहे, ऑफिस इथेच कॉलेज रोडला. जपानचीही कामं करतो. नंबर देऊ का?

ओसाकाची_सून
एजंट नको. जपानमधली मुदतवाढ जपानमध्येच होते. अर्ज भावाने स्वतः करायचा, नाहीतर तिथल्या वकिलाने किंवा ग्योसेइशोशिने. ग्योसेइशोशि म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारा परवानाधारक. नाशिकमधून कोणी फक्त पैसे घेईल.

सातपूरकर दादा, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला रहिवासी कार्ड मिळतं, झाइर्यू कार्ड. २०१२ च्या जुलैपासून ही पद्धत आहे. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने ते सतत जवळ ठेवायचं. फोटो चालत नाही, झेरॉक्सही चालत नाही, म्हणून त्यांनी मान हलवली. दूध आणायला खाली उतरलं तरी कार्ड खिशात, ही सवय मला सासरी आल्या आल्या लागली.

आता यात दोन वेगळे गुन्हे आहेत. जवळ नसणं: दोन लाख येनपर्यंत दंड. जवळ असून दाखवायला नकार देणं: एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन लाख येनपर्यंत दंड. तुमच्या भावाचं पहिलं आहे, आणि कार्ड मागवून दाखवलंही. माझ्या माहितीतल्या लोकांना अशा वेळी तंबी देऊन सोडलंय. पण हे ओळखीतले अनुभव झाले, कायदा म्हणून धरू नका.

हक्काचं_बोला
ताई, तुम्ही अर्धीच बाजू सांगताय. जपानचा पोलिसांच्या कामकाजाचा कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम २ नुसार रस्त्यात थांबवून चौकशी करायची तर माणसाच्या वागण्यात संशयाला जागा असावी लागते, आणि उत्तर द्यायची जबरदस्ती करता येत नाही. सावळा रंग हा काही संशय नाही! डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या अमेरिकन दूतावासाने आपल्या नागरिकांना सावध केलं होतं की परदेशी दिसणाऱ्यांना अडवल्याच्या तक्रारी येत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तर तिघांनी टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दावाच लावला. म्हणजे प्रश्न खरा आहे.

ओसाकाची_सून
प्रश्न खरा आहेच. त्या दाव्यात केंद्र सरकार आणि टोकियो यांच्याबरोबर आइची प्रांतही प्रतिवादी आहे. माझ्या नवऱ्याला तर सायकलवरून जाताना अडवतात, सायकल स्वतःचीच आहे ना म्हणून. राग मलाही येतो.
पण तुम्ही दोन कायदे एकत्र करताय. प्रश्नांना उत्तर देणं ऐच्छिक आहे. कार्ड दाखवणं ऐच्छिक नाही, ते इमिग्रेशनच्या कायद्यातलं वेगळं कलम आहे आणि त्याला शिक्षा आहे. जपानी नागरिकाला असं काही बाळगावं लागत नाही, आपल्याला लागतं. अन्याय वाटला तर दावा लावता येतो, पण मध्यरात्री चौकीत उभं राहून पोराने ती लढाई लढायची का?

हवं असेल तर एक करता येतं. कार्ड मागणाऱ्या अधिकाऱ्याने आपलं ओळखपत्र जवळ बाळगायचं आणि मागितलं तर दाखवायचं, हेही त्याच कलमात आहे. शांतपणे मागायचं, नाव लिहून ठेवायचं.

हक्काचं_बोला
ओळखपत्राचं माहीत नव्हतं, चांगलं सांगितलंत. पण 'दाखवा आणि मोकळे व्हा' हे मला पटणार नाही.

निवृत्त_प्रेसवाला
मंडळी, पासपोर्टचा विषय निघाला म्हणून लिहितो. देशातले पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या भारतीय प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात. माझी सगळी नोकरी तिथेच झाली. एकेक कोरी पुस्तिका मोजून द्यायची, मोजून घ्यायची. एक कमी भरली तर शिफ्ट सुटायची नाही. इतकं जपून केलेली वस्तू आपली मुलं घरी ठेवून फिरतात. भावाला सांगा, पासपोर्ट कायम खिशात ठेव.

ओसाकाची_सून
काका, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण रहिवासी कार्ड जवळ असेल तर जपानमध्ये पासपोर्ट खिशात लागत नाही. पासपोर्ट पर्यटकाने बाळगायचा. रोज घेऊन फिरला आणि लोकलमध्ये राहिला तर दूतावासाच्या खेपा घालाव्या लागतील. पासपोर्ट घरी, कार्ड खिशात.

गंगापूर_रोड_होमस्टे
आपल्याकडेही परदेशी माणसाला नियम आहेतच की. माझ्याकडे द्राक्षांच्या हंगामात विदेशी पाहुणे येतात. पाहुणा आल्यापासून २४ तासांत सी-फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार, सगळं. सिंहस्थात काय होईल याचीच चिंता आहे, लोक घरातल्या खोल्या भाड्याने देतात आणि सी-फॉर्मचं नावही कोणाला माहीत नसतं. पोलीस घरमालकालाच पकडणार.

पंचवटीकर
होमस्टेवाले, सी-फॉर्मसाठी वेगळा धागा काढा, खरंच कामाचा होईल. इथे सातपूरकरांचं आधी होऊ द्या.

ओसाकाची_सून
सातपूरकर दादा, एक विचारायचं राहिलं. कार्ड दोन्ही बाजूंनी बघून काहीतरी लिहून घेतलं म्हणता. कार्डाच्या मागे पत्ता असतो. तो आत्ताचाच आहे ना? व्हिसाची मुदत कधी संपतेय? आणि कंपनी बदलली का मध्ये?

सातपूरकर
व्हिसा फेब्रुवारीत संपतो. कंपनी तीच. पत्ता जुना असेल, कावासाकीचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंपनीने नागोयाला पाठवलं, तेव्हापासून तिथे आहे. पण पत्त्याचा इथे काय संबंध? पोलिसांनी कार्ड मागितलं होतं आणि ते नंतर मिळालं.

ओसाकाची_सून
संबंध आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

घर बदललं की १४ दिवसांच्या आत नव्या वॉर्ड ऑफिसमध्ये नोंद करायची असते. तिथेच कार्डाच्या मागे नवा पत्ता छापून देतात. शहर बदललं असेल तर आधी जुन्या शहरातून नाव काढायचं, मग नव्यात घालायचं, म्हणजे कावासाकीत 'तेन्शुत्सु' आणि नागोयात 'तेन्न्यू'. १४ दिवस उलटले की इमिग्रेशनच्या कायद्याखाली दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय निवासी नोंदणीच्या कायद्याखाली पन्नास हजारपर्यंत वेगळा. जुना पत्ता सोडल्यापासून ९० दिवसांत योग्य कारणाशिवाय नव्याची नोंदच केली नाही, तर व्हिसाच रद्द करायला ते कारण पुरतं. डिसेंबर चालू आहे, म्हणजे ९० अजून झालेले नाहीत. एकही दिवस घालवू नका.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलंत, तर मुदतवाढ देताना इमिग्रेशन जे बघतं त्यात अशा नोंदी वेळेवर केल्यात का, कर भरलाय का, हे असतं. तसं त्यांच्या मार्गदर्शक नियमांतच लिहिलंय. चौकीत बसवलं होतं याच्यापेक्षा मला या पत्त्याची जास्त काळजी वाटते.

सातपूरकर
हे त्याला कंपनीने सांगायला हवं होतं ना! रूम कंपनीचीच आहे, सामानही कंपनीने हलवलं. मग नोंदही त्यांनीच केली असेल असं तो म्हणतो.

नागोया_आयटी
नाही करत कंपन्या. मीही नागोयातच आहे, मूळचा सिडकोचा. आमच्या इथल्या एचआरने एक छापील कागद दिला होता, सगळा जपानीत. अर्ध्या मुलांनी तो उघडूनही बघितला नाही. नोंद माणसाने स्वतः जाऊनच करायची.

भावाकडे माय नंबर कार्ड (आपल्या आधारसारखं ओळखपत्र) असेल तर कावासाकीचं नाव काढायचं काम ऑनलाइन होतं, जायला लागत नाही. ते नसेल तर पोस्टाने होतं, पण वेळ जातो. नंतर नागोयात राहत्या भागाच्या कुयाकुशोमध्ये, म्हणजे वॉर्ड ऑफिसमध्ये जायचं. रहिवासी कार्ड, माय नंबर कार्ड, पासपोर्ट तिन्ही घेऊन जा म्हणावं, माय नंबर कार्डावरचा पत्ताही त्याच खिडकीवर बदलून मिळतो. उशीर का झाला ते विचारतील, कधीकधी लिहूनही घेतात. तारीख खरी सांगायची. काल इथे आलो असं सांगून बघतात काही जण, पण खोट्या नोंदीला वर्षभरापर्यंत कैद आहे आणि कंपनीच्या बदलीच्या पत्रावर तारीख छापलेली असतेच.

न्यूजर्सीतला_नाशिककर
बदलीचं पत्र हाताशी ठेवा. कुठल्याही देशात तारखेचा कागद कामाला येतो. अमेरिकेतही पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवावं लागतं, एआर-११ फॉर्म.

कॉलेजरोड_कट्टा
माझा एजंट हे सगळं दोन दिवसांत करून देतो म्हणाला. फी थोडी जास्त आहे.

नागोया_आयटी
नागोयाच्या खिडकीवर भावालाच उभं राहायचंय. एजंट नाशिकमध्ये बसून काय करणार?

हक्काचं_बोला
वकील हवा असं सातपूरकर पहिल्यापासून म्हणतायत, त्याचं कोणीच उत्तर दिलं नाही. जपानमध्ये होउतेरासु नावाची सरकारी कायदेशीर मदत संस्था आहे, परदेशी भाषांत माहिती देते. तिथे फोन करा. आणि देव न करो, कधी अटक झालीच, तर भारतीय दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क त्याला आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६. हे वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्या.

ओसाकाची_सून
हे मात्र शंभर टक्के बरोबर. कामाचं लिहिलंत.

सातपूरकर
भावाशी बोललो. माय नंबर कार्ड आहे. कावासाकीचं त्याने माझ्याशी बोलता बोलता भरलं. उद्या अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसला जातोय. पोलिसांनी त्या कागदावर पत्ताच लिहून घेतला होता आणि 'कुयाकुशो, कुयाकुशो' असं दोनदा म्हणाले होते. मला ते त्याने आज सांगितलं.
व्हिसाचा अर्ज जानेवारीअखेर करायचा म्हणतो. चालेल का?

ओसाकाची_सून
इतकं थांबू नका. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे आताही करता येईल. पण आधी पत्ता, मग अर्ज. पत्ता नागोयाचा झाला की अर्जही नागोयाच्या इमिग्रेशनमध्ये जाईल. मुदतीच्या आत अर्ज दिलेला असला आणि निकाल यायला उशीर झाला, तर मुदत संपल्यावरही दोन महिन्यांपर्यंत त्याला कायदेशीर राहता येतं. अर्जात गुन्ह्याबद्दल रकाना आहे. दंड किंवा शिक्षा झाली तर ती लिहायची. नुसतं चौकीत बसवलं ही शिक्षा नव्हे. तरी मनात शंका असेल तर ग्योसेइशोशिला कार्ड आणि बदलीचं पत्र दाखवून एकदा विचारून घ्या, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

द्वारका_सर्कल
माझी बहीण जर्मनीत असते. तिनेही कार्ड सतत बाळगायचं का? घरचे सगळे विचारतायत हा धागा वाचून.

पंचवटीकर
जर्मनीत मागितल्यावर पासपोर्ट आणि परवाना दाखवणं बंधनकारक आहे, पण जपानसारखी सतत खिशात ठेवायची सक्ती नाही. हॉटेल, बांधकाम अशा काही कामांवर असताना मात्र ओळखपत्र जवळ लागतंच. बाकी वेगळा धागा काढा.

सातपूरकर
झालं. कार्डाच्या मागे नागोयाचा पत्ता छापून मिळाला. उशिराचं कारण लिहून घेतलं, दंडाचं तिथे कोणी काही बोललं नाही. पोलिसांकडूनही अजून काही आलेलं नाही. अर्जाची कागदपत्रं कंपनीकडे मागितली आहेत. ओसाकाच्या ताई, नागोयावाले, तुमचे उपकार विसरणार नाही. आईशी त्याने व्हिडिओवर बोलून कार्ड दाखवलं तेव्हा ती शांत झाली. आता ती विचारतेय, उद्या हेच कार्ड हरवलं तर?

ओसाकाची_सून
हरवलं तर आधी जवळच्या पोलीस चौकीत हरवल्याची नोंद करायची आणि तिची पावती घ्यायची. मग कळल्यापासून १४ दिवसांत इमिग्रेशनमध्ये जाऊन नव्या कार्डाचा अर्ज करायचा. तोपर्यंत पावती आणि पासपोर्ट जवळ ठेवायचा. काकूंना सांगा, सगळं होतं.