अॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम: पेनड्राइव्हवरून लिनक्स बूटच होत नाही

पाटीपुस्तक
१०.१ इंची टू-इन-वन आहे, कीबोर्ड सुटा होतो. इंटेल अॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (आतली साठवण). विंडोज १० आहे, पण सी ड्राइव्हवर दीड जीबी जेमतेम उरलंय, त्यामुळे अपडेट होत नाही. कामं साधी: मराठी टायपिंग, पीडीएफ, अधूनमधून यूट्यूब.

उबुंटू लिनक्सची ६४-बिट आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर टाकली. बूट मेन्यूत पेनड्राइव्ह निवडला की क्षणभर काळा पडदा आणि परत तोच मेन्यू. सिक्युअर बूट बंद आहे. लेगसी (जुन्या बायॉस पद्धतीच्या) बूटचा पर्याय बायॉसमध्ये शोधूनही सापडला नाही. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो. आता ३२-बिट लिनक्स शोधू का?

तारायंत्र
पेनड्राइव्ह ठीक आहे. अडचण फर्मवेअरची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमची आहे. हा प्रोसेसर ६४-बिट आहे, पण या पिढीच्या स्वस्त मशीनांवर ३२-बिट विंडोज यायचं आणि म्हणून यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेलं) फर्मवेअरही ३२-बिटच भरलेलं असतं. असं फर्मवेअर पेनड्राइव्हच्या ईएफआय/बूट फोल्डरमध्ये 'बूटआयए३२ डॉट ईएफआय' ही फाइल शोधतं. उबुंटूच्या आयएसओत फक्त 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' असते. फाइल सापडत नाही, म्हणून मेन्यू परत येतो. लेगसी पर्याय मुळात दिलेलाच नसतो, त्यामुळे तो शोधत बसू नका.

खात्री करायची तर विंडोजच्या सेटिंग्ज > सिस्टिम > अबाउटमध्ये पाहा. 'सिस्टिम टाइप'पुढे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर असं असेल तर शंका नको. यूईएफआयमधून चालणारं विंडोज आणि फर्मवेअर एकाच बिटचं असावं लागतं. (लिनक्स चालू झाल्यावर /सिस/फर्मवेअर/ईएफआय/एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ ही फाइल वाचली की ३२ किंवा ६४ असा थेट आकडा मिळतो.)

उपाय: डेबियन लिनक्सची १२ किंवा त्यापुढची एएमडी६४ (म्हणजे ६४-बिट, इंटेललाही तीच) नेटइन्स्टॉल आयएसओ घ्या. १२व्या आवृत्तीपासून साध्या एएमडी६४ आयएसओतच ३२-बिट यूईएफआयची सोय आहे. इन्स्टॉलर फर्मवेअर ओळखतो आणि ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा आयए३२ (३२-बिट) प्रकार आपणहून बसवतो. वायफायची बंद-स्रोत फर्मवेअरंही १२ पासून त्याच आयएसओत येतात, हा दुसरा फायदा. रूफसने विचारलं तर डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी उतरवणारा) निवडा.

भरतीओहोटी
एवढं कशाला? ३२-बिट डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) टाका, रॅमही कमी लागेल.

तारायंत्र
@भरतीओहोटी, रॅम थोडी वाचते हे खरं, पण तो रस्ता आता बंद होत चाललाय. डेबियन १३ मध्ये आय३८६चा, म्हणजे ३२-बिटचा, इन्स्टॉलर आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन्ही नाहीत. चालता ६४-बिट प्रोसेसर हातात असताना ब्राउझरच्या अपडेटसाठी नंतर झगडायचं कशाला? फर्मवेअर ३२, कर्नल ६४ ही जोडी कर्नलला बऱ्याच वर्षांपासून मान्य आहे.

सोल्डरगन
पाटीपुस्तक, थांबा! विंडोज पुसण्याआधी एक काम करा, नंतर करता येणार नाही.

टचस्क्रीनचा कंट्रोलर सिलीड कंपनीचा असेल तर त्याला प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी फर्मवेअर फाइल लागते. ती विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच दडलेली असते. विंडोज गेलं की तीही गेली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये टच डिव्हाइसच्या हार्डवेअर आयडीत एमएसएसएल१६८० दिसलं तर सिलीड समजा. गुडिक्स असेल तर लिनक्समध्ये बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही.

कोणताही असो, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिझम /ऑनलाइन /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर /डेस्टिनेशन:' आणि पुढे पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता अशी कमांड चालवा. (कमांड इथे देवनागरीत आहेत, मशीनवर अर्थात रोमन आणि लहान अक्षरांत.) सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात येतील. विंडोजच्या कीची चिंता नको, ती फर्मवेअरमध्येच असते.

इन्स्टॉल करताना पेनड्राइव्ह कीबोर्डच्या यूएसबी पोर्टात लावा. मायक्रो यूएसबीचं तोंड चार्जिंगसाठी मोकळं राहू द्या, कारण ओटीजी केबल लावली की बहुतेक मशीनांचं चार्जिंग थांबतं. सुरुवातीला बॅटरी पूर्ण भरलेली हवी.

पार्टिशन हाताने करा. ईएमएमसी 'एमएमसीबीएलके०' किंवा अशाच नावाने दिसेल. बूट० आणि बूट१ नावाचे चिमुकले भाग दिसले तर त्यांना हात लावू नका. ५१२ एमबी ईएफआय, उरलेलं सगळं एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), माउंट पर्यायात नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदणारा). स्वॅप पार्टिशन (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) करू नका. इन्स्टॉलर कुरकुर करेल, करू दे. डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. गनोम २ जीबीत चालतं म्हणणारे गनोम उघडून फक्त वॉलपेपर पाहत असावेत.

पाटीपुस्तक
कमाल आहे, डेबियन १३चा पेनड्राइव्ह पहिल्या फटक्यात बूट झाला. ड्रायव्हर आधी काढून ठेवले, टच सिलीडच निघाला. पण इन्स्टॉल पूर्ण झाल्यावर रीस्टार्ट केलं तर 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. इन्स्टॉलरने तर एकही त्रुटी दाखवली नव्हती.

तारायंत्र
ग्रब बसलंय, फर्मवेअर त्याच्याकडे पाहत नाही एवढंच. इन्स्टॉलर ग्रबला डेबियनच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतो आणि फर्मवेअरच्या यादीत नोंद करतो. काही स्वस्त फर्मवेअरं ती नोंद जपतच नाहीत. त्यांना फक्त ईएफआय/बूट/बूटआयए३२ हा ठरलेला पत्ता कळतो.

पेनड्राइव्हवरून पुन्हा बूट करा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'रेस्क्यू मोड'. रूट म्हणून एक्स्ट४ पार्टिशन निवडा, ईएफआय पार्टिशन माउंट करू का विचारेल तिथे हो म्हणा. पुढच्या मेन्यूत 'फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ' असा पर्याय आहे, तो चालवा आणि रीबूट.

पाटीपुस्तक
झालं! आता उरलेली भुतं:
१. वायफाय जोडतं, पण दहा-पंधरा मिनिटांनी गळतं. चिप आरटीएल८७२३बीएस.
२. आवाजाच्या जागी 'डमी आउटपुट'.
३. फायरफॉक्समध्ये चार-पाच टॅब झाले की मशीन गोठतं, बटण दाबून बंद करावं लागतं. नेटवर 'इंटेल_आयडल डॉट मॅक्स_सीस्टेट=१' हा बूट पर्याय टाका असं सगळीकडे लिहिलंय. टाकू?
४. टच बंद. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) सिलीडच्या ओळीत 'फर्मवेअर रिक्वेस्ट एरर -२'.

रात्रपाळी
तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच लोक चुकीचं औषध घेतात.

सी-स्टेटचा (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्यांचा) गोठण्याचा दोष बे ट्रेलमध्ये, म्हणजे तुमच्या अॅटमच्या पिढीत, खरोखर होता, पण त्यावरचे उपाय कर्नलमध्ये कधीच आलेत. तुमच्याकडे ६.१२ आहे. तो पर्याय टाकला तर प्रोसेसर गाढ झोपेत जात नाही, बॅटरी भराभर उतरते आणि मशीन तापतं. २ जीबीवर टॅब वाढल्यावर गोठणं हे बहुतेक वेळा मेमरी संपल्याचं लक्षण असतं. दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात, म्हणून आधी निदान करा.

पुढच्या वेळी गोठलं की पाच मिनिटं थांबा. मग ऑल्ट आणि सिसआरक्यू (प्रिंट-स्क्रीनचं बटण, बऱ्याचदा एफएनसोबत) दाबून ठेवून एकेक करून एस, यू, बी दाबा, मध्ये दोन-दोन सेकंद. मशीन रीबूट झालं तर कर्नल जिवंत होता, म्हणजे बहुधा मेमरीची कोंडी. कशालाच दाद दिली नाही तर खरा हार्ड फ्रीझ. तेव्हाच सी-स्टेटचा पर्याय वापरून बघा, तोही एकटा. पाच बूट पर्याय एकदम टाकले की कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

मेमरीसाठी: 'झेडरॅम-टूल्स' पॅकेज घ्या, ते रॅमच्याच एका भागात मजकूर दाबून स्वॅप करतं. /ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप या फाइलमध्ये अल्गो (दाबण्याची पद्धत) एलझेड४, पर्सेंट ५०. झेडएसटीडी जास्त दाबतं, पण या प्रोसेसरला ते जड जातं. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगांत) व्हीएम डॉट स्वॅपीनेस (स्वॅपकडे वळण्याचा कल) १५० आणि व्हीएम डॉट पेज-क्लस्टर ० करा. स्वॅप रॅममध्येच असल्याने मोठा स्वॅपीनेस इथे चुकीचा नाही. सोबत 'अर्लीओओएम' टाका. मेमरी संपत आली की ते सर्वात जाडा प्रोसेस आधीच मारतं. एखादा टॅब मरेल, मशीन वाचेल.

आणि डेबियन १३ची एक खोच: /टीएमपी आता मुळातच रॅममध्ये असतं, अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकतं. मोठ्या तात्पुरत्या फाइली तिथे पडल्या की तुमच्या २ जीबीतूनच गेल्या. 'सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट' करून रीबूट करा, /टीएमपी पुन्हा डिस्कवर जाईल.

सोल्डरगन
वायफाय: ही चिप एसडीआयओवर (एसडी कार्डासारख्या जोडणीवर) बसते, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, आणि पॉवर सेव्हिंगमध्ये गेली की परत उठायला कां-कूं करते. /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ डॉट डी मध्ये नवी कॉन्फ फाइल करा. [कनेक्शन] विभागात 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह=२', [डिव्हाइस] विभागात 'वायफाय डॉट स्कॅन-रँड-मॅक-अॅड्रेस=नो'. इथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उलटं वाटतं पण तसंच आहे. नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा.

टच: उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. डीमेसेजमध्ये त्याच्या आसपास कर्नल कोणत्या नावाची फाइल मागतोय ते बघा. एमएसएसएल१६८० डॉट एफडब्ल्यू हे सर्वसाधारण नाव असेल तर तुमचं मॉडेल कर्नलच्या यादीत नाही, आणि फाइलसोबत पडद्याची मापंही द्यावी लागतील. दुसरं एखादं खास नाव असेल तर मॉडेल यादीत आहे. एक्स्पोर्ट केलेल्या फोल्डरात सिलीडटच डॉट सिस किंवा एफडब्ल्यू शेपटीची फाइल असेल. जीएसएल-फर्मवेअर नावाच्या प्रकल्पात बऱ्याच टॅबलेटच्या तयार फाइली आणि रूपांतराची साधनं दोन्ही आहेत. मिळालेली फाइल कर्नलने मागितलेल्याच नावाने /लिब/फर्मवेअर/सिलीड मध्ये ठेवा. दुसऱ्या मॉडेलची फाइल टाकली तर टच चालतो, पण बोट इथे आणि टिचकी तिथे.

टच चालू झाल्यावर तो पडद्याच्या काटकोनात फिरलेला आढळला तर घाबरू नका. यातले बरेच पॅनेल मुळात ८०० बाय १२८०, म्हणजे उभे असतात आणि फिरवून आडवे वापरलेले असतात. एक्सइनपुट या कमांडने टचच्या 'कोऑर्डिनेट ट्रान्स्फॉर्मेशन मॅट्रिक्स'ला ० १ ० -१ ० १ ० ० १ हे नऊ आकडे द्या. हे उजवीकडे फिरवलेल्या पडद्यासाठी. डावीकडे असेल तर ० -१ १ १ ० ० ० ० १. बूट होतानाची अक्षरंही आडवी पडत असतील तर ग्रबमध्ये 'एफबीकॉन=रोटेट:१', उलट बाजूला ३.

तारायंत्र
आवाज: ऑडिओसाठी इंटेलचा छोटा डीएसपी (आवाज हाताळणारा वेगळा प्रोसेसर) आहे, त्याला स्वतःचं फर्मवेअर लागतं. 'फर्मवेअर-इंटेल-साउंड' आणि 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' ही दोन पॅकेजेस आहेत का बघा. पहिल्याशिवाय साउंड कार्डच उभं राहत नाही. दुसऱ्याशिवाय कार्ड दिसतं, पण स्पीकरकडे जाणारा रस्ता उघडत नाही. रीबूट करा. त्यानंतरही शांतता असेल तर पल्स व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये आउटपुट एचडीएमआयवर तर गेलेलं नाही ना ते तपासा. या चिपवर एचडीएमआयचा आवाज वेगळं कार्ड म्हणून येतो आणि कधीकधी तेच पहिलं ठरतं.

पाटीपुस्तक
वायफाय काल रात्रीपासून टिकून आहे. आवाज आला, पॅकेज पहिलंच नव्हतं. सिसआरक्यूने रीबूट झालं, म्हणजे मेमरीच. झेडरॅम आणि अर्लीओओएम टाकल्यावर आठ टॅबपर्यंत ढकललं, एक टॅब मेला पण मशीन चालू राहिलं. सी-स्टेटला हात लावला नाही. टच तयार फाइलीवर चालला, मॅट्रिक्स उजवीकडचं.

दोन शेवटचे प्रश्न. मराठी टाइप करायला काय? आणि लॅपटॉपच्या यूएसबीवरून चार्ज केलं तर रात्रभरातही बॅटरी भरत नाही.

रात्रपाळी
तुम्हाला गमभनची (रोमन अक्षरांतून मराठी टायपिंगची) सवय असेल तर 'आयबस-एम१७एन' (आयबस ही भाषा टायपिंगची व्यवस्था) टाका, त्याच्या मराठी यादीत गमभन, इन्स्क्रिप्ट२, आयट्रान्स असे पर्याय मिळतात. आयबसचा भार नको असेल तर एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये इंडियन गटात मराठी (कगप, फोनेटिक) आहे, त्याला वेगळं काही चालू ठेवावं लागत नाही. फाँटसाठी 'फाँट्स-लोहित-देवा-मराठी' घ्या, म्हणजे ल आणि श मराठी वळणाचे दिसतील. इतर देवनागरी फाँटांत मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसेल तर हिंदी वळण येतं.

सोल्डरगन
लॅपटॉपच्या पोर्टाला हे मशीन साधं यूएसबी पोर्ट समजतं आणि ५०० मिलिअँपिअरच ओढतं. पडदा चालू असेल तर तेवढं त्यातच जातं. ५ व्होल्ट २ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जर लावा. त्यात डेटाच्या दोन तारा आतून जोडलेल्या असतात, त्यावरूनच मशीन चार्जर ओळखतं. तरी हळू भरलं तर केबल बदला, आखूड आणि जाड. लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं.