‘वेगळं समुपदेशन कशाला?’ याला माझं उत्तर

रातराणी: काल इथे एकाने लिहिलं, ‘समलिंगी, ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी वेगळं समुपदेशन कशाला? ताण सगळ्यांनाच असतो.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. परीक्षेचा ताण सगळ्यांना असतो, मान्य. पण ‘ती आली होती’ म्हणायचं तिथे ‘तो आला होता’ म्हणायचं, एका वाक्यात तीनदा खोटं बोलायचं, हा ताण सगळ्यांना नसतो. मानसशास्त्राचे संशोधक इलन मायर यांचा ‘मायनॉरिटी स्ट्रेस’चा, म्हणजे अल्पसंख्य असण्यामुळे येणाऱ्या ताणाचा, सिद्धांत हेच सांगतो: त्रासाचं मूळ त्या मुलात नाही, भोवतालच्या तिरस्कारात आणि सततच्या लपण्यात आहे. आमच्या समुपदेशन कक्षाबाहेरच्या वहीत ‘कारण’ असा रकाना होता. सहा वेळा मी ‘अभ्यास’ लिहिलं. सातव्यांदा आत खरं बोलले. बाई म्हणाल्या, “वय आहे, जाईल निघून.” पुन्हा गेले नाही.

जुना मास्तर: तीस वर्षं शिकवतोय. वेगळी खोली केलीत की त्या दारात शिरणाऱ्यावर शिक्का बसलाच. शिवाय या वयात मुलं गोंधळलेली असतात, मानसशास्त्राचंही मत बदलत आलंय.

रातराणी: सर, खोली मागितलीच कुणी? जाणकार माणूस मागतेय. आणि मत बदललं ते कुठल्या दिशेने? अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. उपचाराने लैंगिक कल बदलू शकतो असं मांडणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी २०१२ मध्ये स्वतः माफी मागितली.

एकाची आई: माझं दुखणं वेगळंय. मुलगा दोन वर्षं समुपदेशकाकडे जात होता, आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. आईबापांनी कळून घ्यायचंच नाही का?

मधला बाक: ताई, माझ्या घरी समुपदेशकाने ‘काळजीपोटी’ फोन केला. त्याच संध्याकाळी माझा मोबाइल काढून घेतला, कॉलेज बंद. वर्ष गेलं.

एकाची आई: सगळी घरं तशी नसतात! उगाच आम्हाला राक्षस ठरवू नका.

मधला बाक: तुमचं घर कसंय हे समुपदेशकाला कुठून कळणार? ते मुलालाच ठाऊक. जिवाला धोका असेल तर घरी सांगावंच लागतं. पण तेव्हाही ‘तो संकटात आहे, एकटं सोडू नका’ एवढं पुरतं. लैंगिक कलाबद्दल बोलायची गरज नसते.

जुना मास्तर: मूळ विषय बाजूलाच राहिला. वेगळ्या खोलीला माझा विरोध कायम आहे. वहीचं मात्र पटलं. आमच्याकडेही आहे, दाराबाहेरच्या टेबलावर, उघडी. सोमवारी उचलायला लावतो.

एकाची आई: शेवटी त्यानेच सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. दोन वर्षं का थांबलास विचारलं, तर म्हणाला, “तुझा चेहरा बघायची हिंमत होत नव्हती.” राग अजून आहे. पण त्या समुपदेशक बाईंवर नाही, एवढं कबूल करते.

रातराणी: सर, वही उचलाल तेव्हा जुनी पानंही नष्ट करा. त्यात नावं आहेत.