चित्र लावायला दार तरी हवं
कुणीतरी म्हटलंय की शाळेत शिकवलं की चिनी लोककला टिकतील. मला हे अर्धंच पटतं. तिआनजिन शहराजवळच्या यांगलिऊछिंग गावची नववर्षचित्रं घ्या, म्हणजे चिनी नववर्षाला घरात आणि दारावर लावायची चित्रं. रेषा लाकडी ठशाने छापतात, पण चित्रातल्या बाळाचे गाल, डोळे कुंचल्यानेच रंगवतात. गालावरची लाली कडेकडेला अलगद फिकी करत नेतात. यात हात बसायला वर्षं जातात. २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत या कलेचं नाव आलं, फार चांगलं झालं. पण यातली द्वारदेवतांची, म्हणजे घर राखणाऱ्या देवतांच्या चित्रांची जोडी दोन झडपांच्या दारासाठी असते आणि फ्लॅटचं दार एका झडपेचं. मग लावायची कुठे? आजच्या घरात शोभतील अशी चित्रं तरुणांनी काढावीत आणि शिकतानाच त्यांना पगार मिळावा, असं मला मनापासून वाटतं.