अहिराणी गाण्यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणासाठी कमी किमतीचा ऑडिओ इंटरफेस

प्रश्न (अमळनेर):
नमस्कार. माझी आई आणि मावशी श्रावणात कानबाईची गाणी म्हणतात आणि साथीला घरचीच पेटी असते. ही गाणी नीट मुद्रित करून ठेवावीत, अशी इच्छा आहे. माझ्याकडे विंडोजचा साधा लॅपटॉप आहे. आजवर मोबाइलवर मुद्रण करून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये कापाकापी करत आलो, आता रीपर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर शिकतो आहे. इंटरफेससाठी, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रासाठी, दहा हजारांच्या आसपास खर्च करता येईल. एखादा इंटरफेस आपल्या सॉफ्टवेअरशी जुळेल की नाही, हे खरेदीपूर्वी कसे ओळखावे? आणि त्याऐवजी दोन यूएसबी मायक्रोफोन घेतले, तर भागेल का?

उत्तर (जळगाव):
इंटरफेस सॉफ्टवेअरशी जुळतो की नाही, यापेक्षा तो आपल्या संगणकाच्या प्रणालीशी जुळतो की नाही, हे पाहावे. प्रो टूल्ससारखे सॉफ्टवेअर एके काळी ठरावीक यंत्रांवरच चालत असे. परंतु 2010 साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून तेही बंधन गेले. यंत्र आणि संगणक यांना जोडणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर; मॅकवर कोअर ऑडिओ आणि विंडोजवर आसिओ या पद्धतीचा ड्रायव्हर असला, की रीपरसह बहुतेक सर्व सॉफ्टवेअर तो इंटरफेस ओळखतात. म्हणून पहिली चौकशी एवढीच करावी, की कंपनी विंडोजसाठी स्वतःचा आसिओ ड्रायव्हर देते का. बेहरिंगरच्या यूएमसी 22 सारख्या अगदी स्वस्त यंत्राला आसिओ-फॉर-ऑल नावाच्या त्रयस्थ ड्रायव्हरवर अवलंबून राहावे लागते, तर त्याच कंपनीच्या यूएमसी 202 एचडीला स्वतःचा ड्रायव्हर आहे. माझ्या मते किमतीतील फरक देण्यासारखा आहे तो मुख्यतः यासाठीच.

ड्रायव्हर चांगला असेल, तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, लहान ठेवता येतो आणि आवाज कमी उशिराने ऐकू येतो. आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेण्याच्या दराने 128 नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम 2.7 मिलिसेकंद, तर 1024 चा म्हणजे 21 मिलिसेकंदांहून अधिक. यात यंत्राचा स्वतःचा थोडा विलंब मिळवावा लागतो. आधी मुद्रित केलेली पेटी कानात ऐकत त्यावर गाताना हा उशीर चांगलाच जाणवतो. अर्थात, डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल, तर गाणाऱ्याचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो आणि हा प्रश्न बराचसा मिटतो. ऑडॅसिटीच्या नेहमीच्या विंडोज आवृत्तीत आसिओचा आधार नाही. तेव्हा मुद्रण रीपरवरच करावे. ते 60 दिवस वापरून पाहता येते.

दोन यूएसबी मायक्रोफोनांचा विचार मात्र सोडून द्यावा. नमुने घेण्याची गती ठरवणारे प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र असते, त्यामुळे लांब मुद्रणात दोन्ही आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात; शिवाय आसिओवर सॉफ्टवेअर साधारणतः एका वेळी एकच यंत्र स्वीकारते.

उत्तर (धुळे):
वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो. इंटरफेसला मायक्रोफोनसाठी दोन खरे प्रवेश (केबल जोडण्याच्या जागा) आहेत ना, हे तपासून घ्यावे. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो उत्तम आहे, पण त्यात मायक्रोफोनचा प्रवेश एकच असतो आणि दुसरा गिटारसारख्या वाद्यासाठी. आपल्याकडे एक मायक्रोफोन दोघी गाणाऱ्यांसमोर आणि दुसरा पेटीजवळ लागणार. त्याच कंपनीचा टू-आय-टू मायक्रोफोनचे दोन प्रवेश देतो, परंतु तो आपल्या मर्यादेबाहेर जाईल. खोक्यावरच्या 192 किलोहर्ट्झ या नमुने घेण्याच्या दराला भुलू नये; 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ आपल्या कामाला पुरेसे आहेत.

कंडेन्सर या संवेदनशील प्रकारच्या मायक्रोफोनला केबलमधून येणारा 48 व्होल्टचा फँटम वीजपुरवठा लागतो आणि हा मायक्रोफोन खोलीतले सारे काही टिपतो, कूलरसुद्धा. आपल्याकडच्या वैशाखात कूलर बंद ठेवून गा, असे आईला कोण सांगणार? श्रावणात तो प्रश्न उरत नाही, पण पंखा उरतोच. त्यामुळे कमी संवेदनशील असा डायनॅमिक मायक्रोफोन जवळ धरून गाणे अधिक सोयीचे. मुद्रणात घूं असा आवाज आल्यास प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. घरातले अर्थिंग नीट नसले, की हा आवाज पुष्कळदा तिथूनच येतो.

प्रश्नकर्ता (अमळनेर):
दोघांचेही आभार. यूएमसी 202 एचडीच घेईन. भजनी मंडळाकडे दोन डायनॅमिक मायक्रोफोन आहेत. त्यांच्या केबलच्या एका टोकाला तीन पिनांचा गोल जोड आणि दुसऱ्या टोकाला अँप्लिफायरमध्ये जाणारी जाड पिन आहे. ती चालेल ना?

उत्तर (जळगाव):
ती पिन इंटरफेसच्या प्रवेशात बसेल, पण आवाज फार क्षीण येईल. त्या प्रवेशाच्या मधल्या भोकात जाड पिन घातली, की यंत्र समोर वाद्य किंवा लाइन आहे असे धरते आणि मायक्रोफोनच्या प्रीअँपचा, म्हणजे क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाचा, मार्ग मिळत नाही. दोन्ही टोकांना तीन पिनांचे एक्सएलआर जोड असलेल्या दोन केबल घ्याव्यात. डायनॅमिक मायक्रोफोन वापरताना फँटमचे बटण बंद ठेवावे आणि गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) इतकाच वाढवावा, की सर्वांत मोठ्या सुरालाही लाल दिवा लागणार नाही.