पटतं ते गाजरामुळे
"दोन-चार दिवसांच्या भांडणातून प्रेम होतं हे पटत नाही," असं प्रेमकथांच्या सिनेमांबद्दल काहीजण म्हणतात. मला मात्र १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' हा इंग्रजी सिनेमा मनापासून पटतो. घरातून पळालेली, श्रीमंत बापाची लाडावलेली एली आधी कच्च्या गाजराला नाक मुरडते. पुढे भूक अनावर झाल्यावर तेच निमूट खाते. त्याआधी तिला शोधायला बापाने लावलेले गुप्तहेर खोलीत शिरतात, तेव्हा ती आणि तिच्यासोबत प्रवास करणारा पत्रकार पीटर नवरा-बायकोचं खोटं भांडण झकास रंगवतात आणि ते गेल्यावर एकमेकांचं कौतुक करतात. माझ्या मते सूत जुळतं ते तिथेच, कारण पहिल्यांदाच दोघं एका बाजूला असतात. शेवटी एलीचं भर लग्नातून पळणं तेवढं घाईचं वाटतं. पण पुन्हा बघाल तेव्हा ते गाजर नीट बघा, तिथे एली झालेली क्लॉडेट कोल्बेअर एकही शब्द न बोलता सगळं सांगून जाते.